वाटीभर पोट

त्या वाटीचा मला इतका राग यायचा की एका दुपारी मी ती भातासकट खिडकीतून बाहेर भिरकावली. बायको मागच्या दारानं गेली, कण्हेरीच्या बुडातून वाटी उचलून आणली, घासली आणि पुन्हा तेवढाच भात, त्यावर तेवढंच वरण घालून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "फेकल्यानं पोट मोठं होत असन तं रोज फेका. मी आनून देईन."

स्टीलची साधी वाटी. लोकांच्या ताटात चटणी-लोणच्यासाठी असते तेवढी. माझं अख्खं जेवण त्यात मावायचं. पूर्वी ताटात भाजी येईस्तोवर मी एवढा भात नुसताच गिळून बसलेला असायचो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या देखभालीवर होतो. शिफ्टची ड्युटी, वेळीअवेळी जेवण, दिवसभर चहा आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. पोटात आग पडायची, मी वरून सोड्याचं पाणी ढोसायचो आणि कामाला लागायचो. असं करता करता एक दिवस कामावरच रक्ताची उलटी झाली आणि मी खाली बसलो तो उठलोच नाही. नागपूरला नेलं. अल्सरमधून रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापूनच काढला. आतासारख्या गोळ्या तेव्हा आमच्यापर्यंत आल्या नव्हत्या.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तिसरा हिस्सा पोट ठेवलं आहे. थोडं थोडं खा, पण दिवसभर खात राहा. घास बारीक चावा. जेवताना पाणी नको, गोड नको. आणि जेवलं की जरा वेळ आडवं पडा." सांगायला त्यांचं काय जात होतं!

मी जेवणारा माणूस होतो हो. पंगतीत मी बसलो की वाढणारे एकमेकांना खुणा करायचे. लग्नात नवरदेवापेक्षा माझ्या ताटाकडे जास्त डोळे असायचे. आमच्या घरचं धान, आमच्या घरची तूर, लहानपणापासून पोटभर खायची सवय. कामावरून यायचं, हात धुवायचे आणि ताटावर तुटून पडायचं, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशातच वाटत नव्हतं. ते सुख ऑपरेशनच्या टेबलावर कापलं गेलं आणि त्याबद्दल मला कोणी विचारलंही नाही.

लोकांना वाटायचं, थोडं खाल्लं की याचं पोट भरतं, बरंच झालं, धान वाचलं. पोट भरत नव्हतं, हेच तर माझं दुखणं होतं. पोट भरत आलं असं जे वाटतं ना, आता दोन घास आणि मग बस, ते वाटणंच नाहीसं झालं होतं. एका घासाला मी उपाशी असायचो आणि पुढच्या घासाला एकदम तडस. छातीखाली दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मग घाम, धडधड, हातपाय गार. गोड खाल्लं तर विचारूच नका. अर्धा तास जमिनीवर पडून छताकडे पाहायचं. आणि तासाभरानं पुन्हा भूक! दिवसभर नुसतं खातच होतो आणि दिवसभर उपाशी होतो.

वरून सल्ले. शेजारच्या क्वार्टरमधला म्हणे, "पोट रबरावानी असते जी, रोज एक घास वाढवत जा." नात्यातली एक बाई म्हणे, "दूध-जिलेबी खा, ताकद येते." दूध-जिलेबी! मी तिच्या अंगावरच धावून जायचा बाकी राहिलो होतो. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं की आणखी एक पळी पडते. हात आडवा धरला तर हातावर पडते. मी कोणाकडे जाणंच सोडून दिलं.

एका घरी मात्र जाणं टाळता येत नव्हतं.

माझा कामावरचा जोडीदार होता. बॉयलरच्या वर-खाली आम्ही वर्षानुवर्षं एकत्र चढलो-उतरलो. मी पडलो तेव्हा मला पाठीवर घेऊन खाली उतरणारा तोच. नागपूरला रक्त लागलं तेव्हा बाही वर करून झोपला तोही तोच. तो बौद्ध, आम्ही कुणबी. कामावर हा विषयच नव्हता. एकाच डब्यात आमचे हात असायचे, त्याच्या घरच्या वाळल्या झिंग्यांच्या चटणीवर तर माझा हक्क होता. पण त्याचं गाव मूल तालुक्याकडचं, आणि नेमकी माझी सासरवाडी त्याच गावची. सासऱ्यांचं घर वरच्या आळीत, त्याचं खालच्या. मी सासरी जायचो, तो सुट्टीत गावी यायचा, रस्त्यावर भेटायचो, गप्पा व्हायच्या. त्याच्या घरी मी कधी जेवलो नव्हतो. त्यानं बोलावलं नव्हतं, मीही विषय काढला नव्हता. गावात ते तसंच चालायचं.

मी कामावर परत रुजू झालो त्याच आठवड्यात तो म्हणाला, "माय म्हनते, पोरगा वाचला, त्याले घरी जेवाले आन. तिनं कवाचं धरून ठेवलं आहे मनात."

"अबे, मी काय जेवनार? वाटीभर जेवतो मी."

"मी सांगतो तिले. तू ये फक्त."

निघताना बायकोनं वाटी पिशवीत घातली. मी काढून ठेवली. लोकांच्या घरी लेकरासारखी आपली वाटी घेऊन जायची? मी म्हणालो, "लाज आहे का नाई?" ती म्हणाली, "लाज पोटात मावते का पाहा मंग."

गेलो. अंगण शेणानं सारवलेलं, भिंतीला नवा चुना. त्याची आई बारीक, ताठ, डोक्यावर पदर. घरात पाट मांडलेला आणि पाटापुढे हे एवढं मोठं ताट. भाताचा ढीग, उडदाचे वडे, तळ्यातल्या मासळीचा रस्सा, वांग्याची भाजी, आणि बाजूला गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून तांदळाची खीर. ती म्हणाली, "बसा जवाईबुवा. आज लाजू नका." गावाचा जावई म्हणून मला सगळेच जवाईबुवा म्हणायचे.

वास असा सुटला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हळूहळू खाल्लं. एक वडा, चार घास भात, मासळीचा एक तुकडा. आणि झालं. दगड येऊन बसला. ताट तसंच भरलेलं. मी हात थांबवला.

"काऊन जी? चांगलं नाई झालं?"

जोडीदार म्हणाला, "माय, सांगितलं ना तुले, त्याचं पोट बरं नाई..."

ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणाली, "ठाऊक आहे पोट. यांच्या सासऱ्याचंबी नाई राहत बरं. आपल्या दारात आले की दुखते. इतकी वर्सं झाली, वरच्या आळीचा जो येते त्याचं पोट दुखते, नाई तं भरलेलं असते."

अरे देवा! त्या गावात नको म्हणायची हीच रीत होती. मागल्यासारखं विटाळ-बिटाळ कोणी तोंडानं म्हणत नव्हतं. दिवस बदलले होते, पोरं शिकून नोकरीला लागली होती. कामासाठी कोणी या आळीत आलं, यांनी बसा म्हटलं, जेवा म्हटलं, की गोड बोलून पोटावर हात ठेवायचा. पोट बरं नाही बाई. आणि मी, ज्याचं पोट खरोखर कापलेलं, शर्टाखाली वीतभर वण घेऊन बसलेला, मला तेच वाक्य सोडून दुसरं वाक्यच नव्हतं. सगळ्यांनी खोटं बोलून बोलून माझं खरं वापरून टाकलं होतं. इतकी चीड आली मला!

मग मी जेवलो. सगळं जेवलो. जोडीदार "बस बे, बस" म्हणत होता, मी ऐकलं नाही. ताट पुसून खाल्लं. खीर समोर आली तेव्हा ती माउली पहिल्यांदा मनापासून हसली, आणि मी ती खीरही प्यालो.

हात धुवायला म्हणून बाहेर आलो तोवर कानात आवाज येऊ लागला होता. घामानं शर्ट ओला. मागच्या दारी जावं एवढंही सुचलं नाही. पुढच्या कुंपणाला धरलं आणि भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, सगळं बाहेर पडलं. वडे, मासळी, खीर, सगळं. डोळे उघडले तेव्हा ती दारात उभी होती. हातात माझ्यासाठी पाण्याचा गडवा होता. तो तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि आत निघून गेली.

गावाला तेवढंच पुरलं. दिवस मावळायच्या आत वरच्या आळीला बातमी होती. कोणीतरी म्हणाला म्हणे, "कुनब्याच्या पोटानं बरोबर ओळखलं." त्यावर लोक हसले म्हणे.

कामावर जोडीदार माझ्याशी बोलेना. डबा उघडायची वेळ झाली की तो दुसऱ्या टोळक्यात जाऊन बसायचा. मी काही दिवस सहन केलं, मग जाऊन त्याची कॉलर धरली. "तू नागपूरले होता ना बे? तुह्यासमोर कापलं ना मले? मंग?"

"मले ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी गावाले कसं सांगू? मांगच्या दारानं जाता नाई आलं तुले?"

"उलटी काय इचारून येते?"

त्यानं माझा हात काढला. "माय विहिरीवर जात नाई आता. बाया तिले इचारतात, का टाकलं होतं वं खिरीत? तिनं तो खिरीचा गंज घासून माळ्यावर टाकून देल्ला. मले म्हनते, पुन्हा कोनाले घरी आनू नको." एवढं बोलून तो डबा घेऊन गेला.

मी घरी येऊन आदळआपट केली. म्हटलं, माझं काय चुकलं? खाल्लं तरी मीच वाईट, नाही खाल्लं तरी मीच वाईट. बायको तांदूळ निवडत होती. ती त्याच गावची. मान वर न करता म्हणाली, "आमच्या बाबांचं पोट दुखलेलं मी कधी नाई पाह्यलं. गोवऱ्यांवर भाजलेले जाड जाड पानगे खायचे ते. फक्त तिच्याच दारात दुखे." मग तिनं सूप बाजूला ठेवलं, वाटी आणली आणि माझ्या हातात दिली. "जा. आन आता लाजू नका. जसं घरी खाता तसं तिच्या घरी खा."

"घरी दिवसभर खातो मी."

"मंग दिवसभर राहा."

रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. जोडीदार ड्युटीवर होता, त्याला सांगितलंच नाही. खालच्या आळीत पोचलो तेव्हा ती अंगण झाडत होती. मला पाहून झाडू थांबला, पण या म्हणाली नाही. मी पिशवीतून वाटी काढली आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "बाई, मले भूक लागली आहे. पन मले याच्यात वाढा, याच्यापेक्षा एक घास जास्त नको. घंट्या-दोन घंट्यानं पुन्हा लागन. मंग पुन्हा वाढा. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी इथंच आहो." आणि तिनं काही म्हणायच्या आत शर्ट वर केला.

तिनं वण पाहिला. छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत. बराच वेळ पाहिला. मग वाटी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "एवढीशी?" म्हणाली. "लेकराची आहे का?"

"माझीच आहे. रोज भांडतो मी तिच्याशी."

ती आत गेली. मला वाटलं, आत बोलावेल. पण तिनं आतली बाज ओढत आणून ओसरीत टाकली, पार पुढे, रस्त्याला लागून. वर गोधडी अंथरली. "बसा इथी," म्हणाली. मी म्हटलं आत बसतो, इथं ऊन येतं. "ऊन काही खात नाई तुम्हाले. बसा."

मग सुरू झालं. वाटीभर मऊ भात आणि वरण. मी खाल्लं, तिथंच त्या गोधडीवर आडवा पडलो. उठलो, थोड्या वेळानं अर्धी भाकर आणि घोटलेली भाजी. पुन्हा आडवा. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस वळून पाहत होता, जत्रेत बैल बांधल्यासारखा मी तिथं बांधलेला. बाया घागरी घेऊन जाताना थांबायच्या. आणि ही उंबऱ्यात बसून, कोणी विचारो न विचारो, मोठ्यानं सांगायची, "जेवून राह्यला! तिसऱ्यांदा जेवून राह्यला!" माझं डोकं तापलं. म्हटलं, "बाई, ओरडता कायले? मले लाज वाटते."

"वाटू दे जरासंक," ती म्हणाली. "मले लय दिवस वाटली."

दुपारी तिनं माळ्यावरून तो गंज काढला. खीर नको म्हटल्यावर त्यात पेज केली, मिठाची. ती घोट घोट प्यायलो. दर वेळी मला आणखी हवं असायचं आणि दर वेळी तीच वाटी माझ्या हातातून काढून घ्यायची. बायकोपेक्षाही कडक निघाली. मला तर संताप आला. मासळीचा वास येत होता आणि मला दोन तुकडे देऊन झाकण ठेवलं हो तिनं! उन्हं कलली तोवर ती जवाईबुवा म्हणायचं विसरून "ए पोरा, उठ, खा" म्हणायला लागली होती.

संध्याकाळच्या सुमाराला माझे सासरे आले. बातमी वर पोचली असणारच. आळीच्या तोंडाशी क्षणभर थांबले, मग आले आणि कुंपणाबाहेर उभे राहिले. आत पाऊल नाही. मला म्हणाले, "सकाळपासून आलात, घरी नाई आले. चला, सासूबाईनं सैपाक करून ठेवला आहे."

मी बाजेवर मांडी घालून बसलेलो, हातात वाटी. म्हटलं, "मामाजी, माझं जेवन इथंच चालू आहे."

ते काही बोलायच्या आत ही उठली, पदर नीट केला आणि कुंपणाशी गेली. "तुम्हीबी या ना जी," ती म्हणाली. "मासळी केली आहे. बसा दोन घास."

सासऱ्यांचा हात सवयीनं वर आला. पोटावर टेकला. "नाई बाई, माझं पोट..."

आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. माझा शर्ट उकाड्यानं उघडाच होता. वण दिसत होता. वाक्य तिथंच अडकलं. हात पोटावर, तोंड उघडं. ती नुसती उभी राहिली, त्यांना पुढचं बोलायला भरपूर वेळ देत. शेवटी त्यांनी हात खाली घेतला, म्हणाले, "गाडी चुकन तुमची," आणि वळून गेले. आले नाहीतच. त्या दिवशी काय, पुढेही कधी आले नाहीत.

ती परत येऊन उंबऱ्यात बसली. मला वाटलं रडेल. पण तिनं नाक उडवलं. "एवढं मोठं पोट आहे त्या मानसाचं, आन इतकी वर्सं भरलेलंच. तुहं एवढंसं, आन सकाळपासून खाऊन राह्यलास." मग शेवटची वाटी भरली. त्यात काठाच्या वर भात होता, मी बोंब मारली, तिनं एक घास काढून घेतला.

जोडीदार दुसऱ्या दिवशी डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. झिंग्यांची चटणी माझ्याकडे सरकवली, मी बोटाच्या टोकावर मावली तेवढीच घेतली.

त्या रविवारी रात्री मी घरी पोचताच बायकोनं पिशवी उलटी केली होती. वाटी नव्हती. मी निघताना मागितली होती. ती माउली चुलीजवळ बसून तिला राख लावून घासत होती. म्हणाली, "राहू दे इथी. तुले पुन्हा लागन."